जेकब हॉलेनबेकच्या वहीतली डायना

६ सप्टेंबर २०२५, शनिवार. अनंत चतुर्दशी.

कृपा असावी, नारायणा. खरे लिहिण्यापुरते बळ या हातात राहू दे.

आज काउंटीच्या वाचनालयात डायना सापडली. मी तिला जिथे बसवले होते, तिथे ती नव्हती.

क्रमाने लिहिते. आमच्या समोर, रस्त्यापलीकडे, जुन्या लाकडी घरात लोइस हॉलेनबेक राहते — सत्त्याऐंशी वर्षांची, एकटी. पिस्कॅटवेतली आमची ही टाउनहाउसे ज्या जमिनीवर उभी आहेत ती तिच्या खापरपणजोबांची, जेकब हॉलेनबेक याची. मका, राय हे धान्य आणि सफरचंदे. १८१६पासून त्याने रोजच्या कामांची वही ठेवली. लोइसची दृष्टी अधू झाली, आणि ते वळणदार अक्षर वाचणारे तिच्या घरात दुसरे कोणी उरले नाही. मी पुण्यात पस्तीस वर्षे पोथ्या आणि मोडी कागद वाचण्यात घालवली. हे काम मी आपण होऊन मागून घेतले. त्या वहीवरून आणि त्यांच्या घरच्या बायबलातल्या जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून घराण्याचा इतिहास लिहिला. चाळीस पाने, इंग्रजीत. जूनमध्ये चर्चच्या सभागृहात त्याचे वाचन झाले. लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

त्यात मी असे लिहिले आहे की, जेकबच्या पत्नीचे माहेरचे नाव डायना आणि सासरचे मरिया.

आज बाप्तिस्म्याची एक नोंद पाहायला गेले, तर पडद्यावर निराळेच रजिस्टर आले. त्या काळी या राज्यात गुलाम स्त्रीला मूल झाले की मालकाने ते कचेरीत नोंदवावे असा कायदा होता. तिसरी ओळ : 'माझी गुलाम स्त्री डायना हिला ३ एप्रिल १८१९ रोजी मुलगी झाली. नाव बेट्सी.' खाली सही — जेकब हॉलेनबेक. त्या सहीचे वळण मी डोळे मिटूनही ओळखीन.

मरिया ही पत्नी. डायना ही दुसरी बाई. आणि ती त्याच्या मालकीची.

वाचनालयातल्या बाईंनी जाताना विचारले, "हवं ते मिळालं का?" मी हो म्हणाले.

७ सप्टेंबर, रविवार.

लोइसने बागेतल्या तीन झुकिनी पाठवल्या. आभाराचा फोन केला. दुसरे काही बोलले नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार.

चूक कशी झाली ते लिहून ठेवणे भाग आहे.

नोव्हेंबर १८१७. मंगळवारी जेकबचे लग्न झाले. गुरुवारची नोंद अशी : 'सासऱ्यांकडून डायनाला घरी आणले. एक गाय, एक चरखा, पिसांची गादी.' पुढे हवेविषयी दोन शब्द. बस.

आपल्याकडच्या बाईला या ओळीत काय दिसणार? मला नवी सून उंबऱ्यावर उभी दिसली, आणि तिच्या मागे रुखवत. लग्न मरियाशी आणि घरी आली डायना, यात मला अडखळण्यासारखे काहीच वाटले नाही. मी स्वतः शरयू होते. तांदळाच्या ताटात ह्यांनी अंगठीने 'मीनाक्षी' असे लिहिले आणि त्या संध्याकाळपासून शरयू केवळ माहेरच्या पत्रांत उरली. माझ्या आईचे तसेच, माझ्या सासूबाईंचेही तसेच. मुलगी घर बदलते तसे नाव बदलते. त्यात विचारायचे काय?

पुढे वहीत मरिया क्वचित येते, डायना रोज. डायनाने लोणी काढले. डायनाने सूत कातले. डायनाला ताप. तेव्हा माझ्या मनाने एक चित्र रंगवले — हा शेतकरी चारचौघांत बायकोला मरिया म्हणतो, परंतु स्वतःच्या वहीत तिचे माहेरचे नाव जपतो. त्यावर एक परिच्छेद लिहिला. पुस्तिकेतला सर्वांत गोड परिच्छेद तोच. जानेवारीत लोइसला वाचून दाखवला तेव्हा तिने चष्मा काढून डोळे पुसले होते.

बेट्सीचे नाव वहीत येते, बायबलात नव्हते. 'थोरली कन्या, बहुधा बालपणीच निवर्तली,' असे मी लिहिले. कोणत्या आधारावर? वाक्य पुरे व्हावे म्हणून.

ती ओळ आज पुन्हा वाचली. डायना, एक गाय, एक चरखा, पिसांची गादी. ती रुखवताच्या पुढे चालत आली नव्हती. ती रुखवतात होती.

१२ सप्टेंबर, शुक्रवार.

लोइसकडे जाऊन आले. सांगण्यासाठीच गेले होते.

तिने दार उघडताच म्हटले, "मीना, बरी आलीस. दगडवाल्याने कागद पाठवलाय. माझ्या डोळ्यांना तो नुसता राखाडी दिसतो. वाच."

त्यांच्या घराण्याची लहानशी स्मशानभूमी आमच्या पार्किंगच्या मागे आहे. जाळीच्या कुंपणात कबरींच्या सात शिळा, त्यांतल्या चार पडलेल्या. तिथे लोइस नवा दगड उभा करते आहे. अठरा ऑक्टोबरला चर्चची मंडळी येऊन प्रार्थना करणार. दगडावरच्या मजकुराचा तो कागद होता. मी वाचला — 'जेकब हॉलेनबेक, आणि त्याची प्रिय पत्नी मरिया, जिला तो डायना म्हणत असे.'

माझेच शब्द. माझ्याच पुस्तिकेतून उचललेले.

"आवाज का बसला तुझा?"

"हवा बदलते आहे."

"तुझ्या त्या मसाल्याच्या चहाचं काय झालं? तो तर म्हणे मेलेल्यालाही उठवतो." ती आपल्याच विनोदावर हसली. मग माझा हात धरून म्हणाली, "तू नसतीस तर ही सगळी माणसं नुसत्या तारखा राहिली असती. त्याचं तिच्यावर प्रेम होतं, हे मला या वयात कळलं. आमच्या घरात असलं कोणी बोलत नसे."

चहा घेतला. परत आले. रस्ता ओलांडायला जेमतेम वीस पावले लागतात. आज ती संपेनात.

१४ सप्टेंबर, रविवार.

जेवताना घरात सांगितले. आसावरी माझी मुलगी. केदार जावई, मूळचा नागपूरचा. नात रुही इथल्याच विद्यापीठात शिकते आणि रविवारी कपडे धुवायला घरी येते.

केदारने भाजी वाढून घेतली आणि म्हणाला, "काऊन एवढं टेन्शन घेऊन राहिल्या, आई? दोनशे वर्षं झाली. आता कोण येऊन राहिलं विचारायला?"

आसावरी म्हणाली, "आई, ऑक्टोबरपर्यंत थांब ना. म्हातारीचा एवढा एक दिवस नीट होऊ दे. नंतर शांतपणे सांग. आत्ता सांगितलंस तर दगड कॅन्सल, प्रोग्रॅम कॅन्सल, आणि तिचं बीपी..."

"नंतर म्हणजे दगडावर कोरून झाल्यावर?"

"दगडावर लिहिलेलं कोण वाचतं यार," केदार म्हणाला. "लोक गाडी पार्क करतात आणि जातात."

रुही इतका वेळ फोनमध्ये होती. मान वर न करता म्हणाली, "आजी, शी वॉज एन्स्लेव्ड. अँड यू गेव्ह हर अ वेडिंग."

केदारने ताकाचे पातेले पुढे सरकवले. इतकी वर्षे ग्रंथ चाळले. माझ्या अपराधाचे इतके नेमके वाक्य मला सुचले नसते. त्याने तिला गुलाम केले होते, आणि मी तिचे लग्न लावून दिले.

१६ सप्टेंबर, मंगळवार.

ह्यांची तिथी. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळे यथासांग झाले. पान वाढले. फोटोतला त्यांचा चेहरा नेहमीसारखाच — मी काही सांगायला लागले की आधी पूर्ण ऐकून घेणारा. पुण्याला असताना माझा प्रत्येक लेख ते आधी वाचत आणि एकच प्रश्न विचारत, "हे तुला दिसलं, की असावं असं वाटलं?"

नैवेद्य दाखवताना पुढचे शब्द आठवेनात. चाळीस वर्षांत असे झाले नव्हते.

२१ सप्टेंबर, रविवार. सर्वपित्री.

आजचा दिवस ज्यांची तिथी ठाऊक नाही, ज्यांच्या मागे कोणी नाही, त्यांचाही. वेगळे एक पान वाढून ठेवले. मग पाणी सोडताना थांबले. शास्त्र नाव विचारते, गोत्र विचारते, नाते विचारते. डायना हे नाव ठाऊक होते. गोत्र जेकबने पुसले. नाते मी पुसले.

केदार मुकाट्याने ते पान उचलून मागच्या झाडाखाली ठेवून आला. "कावळे नसतात, आई, इथं. खारी खातील." बोलताना नेहमीचा खट्याळपणा नव्हता.

२३ सप्टेंबर, मंगळवार.

सांगितले.

रजिस्टरची प्रत सोबत नेली होती. लोइसने ती डोळ्यांपाशी धरली, दिसेना म्हणून परत दिली. "वाच." मी वाचली. "पुन्हा वाच." पुन्हा वाचली. मग मी रीत समजावू लागले — आमच्याकडे मुलीचे नाव कसे बदलतात, तांदूळ, अंगठी, रुखवत. ऐकता ऐकता माझ्याच कानांना ते एखाद्या वकिलाचे बोलणे वाटू लागले.

ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. तशीच म्हणाली, "स्वयंपाकघरावरच्या माळ्याला माझी आजी 'डायनाची खोली' म्हणायची. मी सहा-सात वर्षांची असेन. कोण डायना, असं एकदा विचारलं तर म्हणाली, खाऊन घे."

"हे तू मला आधी..."

"जानेवारीत तू म्हणालीस, डायना म्हणजे बायको. मला इतकं हलकं वाटलं, मीना! मी म्हटलं, चला, बायको होती. मग विचारायलाच नको. तुझ्याकडे चुकायला कारण होतं. तू दुसऱ्या मुलखातून आलीस. मी तर याच घरात जन्मले."

असे म्हणून तिने मला क्षमा केली. मी ती घेतली.

दगडवाल्याला तिनेच फोन लावला. काम सुरू झालेले नव्हते. शेवटची ओळ गाळा, म्हणाली. तिकडून काही विचारले असावे, ही म्हणाली, "दगडाला कसली घाई, बाबा? घाई मला आहे."

घरी येताना एक गोष्ट लक्षात आली. मी डायनाला खोट्या जागी का होईना ठेवले होते. आता ती कुठेच नाही.

५ ऑक्टोबर, रविवार.

प्रार्थनेनंतर चर्चमध्ये दुरुस्तीचे पान वाचले. पुढच्या रांगेत लोइस, तिच्या शेजारी आसावरी. मी म्हणाले — डायना ही जेकब हॉलेनबेकची पत्नी नव्हती, ती त्याच्या घरी गुलाम होती, बेट्सी ही तिची मुलगी; माझ्या समाजातल्या एका रिवाजामुळे माझा गैरसमज झाला.

पाद्री उठून म्हणाले की, परक्या संस्कृतीतून आलेल्या विदुषीची ही निष्पाप चूक आहे आणि ती कबूल करायला मोठे धैर्य लागते. पुन्हा टाळ्या. जूनपेक्षा जास्त. एक बाई तर मला मिठी मारून रडल्या.

गाडीत आसावरी म्हणाली, "बघ, उगाच घाबरत होतीस. आय ॲम सो प्राउड ऑफ यू, आई."

मी खिडकी उघडायला सांगितले.

८ ऑक्टोबर, बुधवार.

जपाला बसते आणि मणी मोजता मोजता चुकते. क्षमा मागितली, मिळाली, सर्वांदेखत मिळाली. शास्त्राप्रमाणे आता हलके वाटायला हवे.

११ ऑक्टोबर, शनिवार.

वाचनालयातल्या बाईंनी दुरुस्तीचे ते पान कोणालातरी पाठवले. आज ती व्यक्ती आली. ग्लेंडा पर्किन्स, प्लेनफील्डला राहतात, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त परिचारिका. काळ्यासावळ्या, उंच, पांढरे केस अगदी बारीक कापलेले. गुडघे इतके दुखरे की तीन पायऱ्या चढून कठड्याला टेकल्या आणि म्हणाल्या, "डिसेंबरमध्ये दोन्ही बदलणार आहेत. गाडीसारखं. फक्त गाडी बेशुद्ध करावी लागत नाही."

आत आल्या. चहा घेतला, आले जास्त आहे म्हणाल्या, दुसरा कप मागून घेतला. मग पिशवीतून एक कागद काढून टेबलावर उलगडला. त्यांच्या घराण्याच्या नावांचा कागद. सर्वांत वर 'डायना', तिच्या खाली 'बेट्सी', आणि पुढे खाली येत येत ग्लेंडाबाई. बेट्सी या त्यांच्या खापरपणजी. प्रत्येक पिढीत एका मुलीचे नाव बेट्सी ठेवतात. त्यांच्या नातीचेही तेच.

जिला मी एका वाक्यासाठी बाळपणीच मारून टाकले, तिच्या खापरपणतीने माझ्या हातचा चहा घेतला.

"तुमचं जूनमधलं पुस्तकही मी वाचलं," त्या म्हणाल्या. "लग्नाचं लिहिलंय ते. माझ्या बहिणीला मी फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, अगं, आपण तर चांगल्या घरच्या निघालो." त्या हसल्या. मला हसता आले नाही. "राहू द्या, मॅडम. आम्हाला यापेक्षा वाईट लिहिलेलं वाचायची सवय आहे. तुमच्या पुस्तकात निदान कोणी फटके मारत नव्हतं."

मग हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "मी एकाच गोष्टीसाठी आले. आईनं आयुष्यभर शोधलं, मी वीस वर्षं शोधते आहे. तिला कुठं पुरलंय ते त्या वहीत आहे का? मला कोणाकडून काही नको. एकदा तिथं जाऊन उभं राहायचंय. गुडघे कापायच्या आधी."

अख्खी वही वाचलेले माणूस या जगात एकच आहे. लोइसला दिसत नाही. त्या माझ्याकडे पाहत होत्या.

मी म्हणाले, "वहीत तशी नोंद नाही."

"अं," त्या म्हणाल्या. "नसतेच." कागदाची घडी केली, चहासाठी आभार मानले आणि कठडा धरून एकेक पायरी उतरल्या.

१२ ऑक्टोबर, रविवार.

देवापुढे बसवले नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार.

वहीत नोंद आहे. ८ मार्च १८४३ : 'पहाटे डायना गेली. बागेच्या खाली, ओढा वळतो तिथे पुरले. दुपारी कुंपण दुरुस्त केले.'

ही ओळ मी फेब्रुवारीत वाचली होती. मरिया १८६१पर्यंत जगली हे मला तेव्हाही ठाऊक होते, आणि एक बाई दोनदा मरत नाही. परंतु लोइसला तो गोड परिच्छेद ऐकवून तीन आठवडे झाले होते. मी पान उलटले. वहीवरून करत होते त्या उताऱ्यातून ती नोंद गाळली. जानेवारीत झाली ती चूक. फेब्रुवारीपासून ती चूक नव्हती. आपल्या रीतीचा आडोसा करून मी तिच्यामागे बसले होते. या रोजनिशीतसुद्धा मी आजवर जानेवारीच तेवढी लिहिली.

सकाळी ग्लेंडाबाईंना फोन केला. आधी जागा सांगितली, मग हे सारे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मग त्या म्हणाल्या, "गुरुवारी येते. तुम्ही तिथं असलात तर रस्ता दाखवा. पण माझ्याशी बोलू नका."

आता लोइसकडे जाते. तिने केलेली क्षमा परत करायची आहे.

हे पान ज्याच्या हाती पडेल त्याला त्याच्या माणसांची नावे सापडोत, ती जिथे निजली आहेत ती जागा सापडो, आणि सापडलेले सांगण्याची वाचा त्याला वेळेवर लाभो. वाचणाऱ्या सर्वांचे कल्याण असो.